रूट कॅनल झालं, कॅप बसली, तरी दाढेत परत पू कुठून आला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तीन वर्षांपूर्वी वरच्या डाव्या पहिल्या मोठ्या दाढेचं रूट कॅनल झालं, नंतर कॅप बसवायला मध्ये चारेक महिने गेले, मग सगळं ठीक होतं आणि आता महिनाभर हिरडीवर एक पुटकुळी येतेय, फुटतेय, जरा बसतेय, परत येतेय, पण दुखत अजिबात नाहीये. डॉक्टर म्हणतात परत रूट कॅनल करावं लागेल. आणि तुम्ही विचारताय की नसच काढून टाकलीये तर इन्फेक्शन होईलच कसं, पहिल्या डॉक्टरांनी काम नीट केलं नव्हतं का, आणि पुन्हा पैसे घालण्यापेक्षा दाढ काढून टाकलेली बरी का.

मी एन्डोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे रूट कॅनल हेच माझं रोजचं काम, आणि त्यातलं बरंचसं काम असं फेल गेलेल्या दाढा परत उघडण्याचंच असतं. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कारण याचं दोन ओळींचं उत्तर दिलं की माणूस एकतर घाबरून दाढ काढून येतो नाहीतर पुटकुळी दुखत नाही म्हणून दोन वर्षं तशीच घेऊन फिरतो.

इन्फेक्शन नसेचं नसतं, बॅक्टेरियांचं असतं. हे वाचायला अगदी साधं वाटेल पण सगळं उत्तर यातच आहे. १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांना भोकं पाडून आतली नस उघडी केली आणि तशीच ठेवली. त्यातले काही उंदीर नेहमीचे होते आणि काही पूर्ण जंतूविरहित वातावरणात वाढवलेले. नेहमीच्या उंदरांच्या दाढा सडल्या, मुळाशी पू झाला. जंतूविरहित उंदरांच्या उघड्या दाढांमध्ये अन्नाचे कण घुसले तरी काही झालं नाही, उलट भोक बुजवायला दाताने आतून नवा थर तयार केला. म्हणजे नस उघडी पडली, मेली, काढली यातल्या कशानेच मुळाशी पू होत नाही, बॅक्टेरिया आत पोचले आणि तिथे राहिले तरच होतो.

आता रूट कॅनलमध्ये आपण काय करतो तर ती आतली नस, म्हणजे खरं तर नस, रक्तवाहिन्या, पेशी असा सगळा मऊ भाग, काढतो, मुळातली पोकळी, म्हणजेच कॅनल, रुंद करतो, औषधाने धुतो आणि गटापर्चा (रबरासारखा भरायचा पदार्थ) आणि सीलरने (फटी बुजवणारी पेस्ट) भरून टाकतो. दुखणं थांबतं कारण दुखणारी गोष्टच गेली. पण त्याच वेळी त्या दाताच्या आतला रक्तपुरवठाही गेला. इथून पुढे आत एक जरी बॅक्टेरियांची वस्ती राहिली किंवा नंतर शिरली तरी शरीराच्या पांढऱ्या पेशी तिथे पोचू शकत नाहीत. त्या फक्त मुळाच्या टोकाशी, बाहेर हाडात उभ्या राहून लढतात, आणि त्या लढाईत तिथलं हाड विरघळतं, तोच एक्सरेवर दिसणारा काळा डाग. अँटिबायोटिकचंही तसंच. गोळी रक्तातून जाते, आणि दाताच्या आत रक्तच नाही, तर ती पोचणार कुठून? बाहेरची सूज उतरते, आठ दिवस बरं वाटतं, आणि आतली वस्ती जशीच्या तशी. मेडिकलवाल्याकडून पाच दिवसांचा कोर्स आणून आणून वर्ष काढलेले लोक मी बघतो तेव्हा खरंच वाईट वाटतं, कारण त्या वर्षभरात हाड आणखी गेलेलं असतं.

म्हणजे प्रश्न दोनच उरतात. बॅक्टेरिया पहिल्यापासून आत राहून गेले का, की नंतर वरून शिरले? बाकी सगळी कारणं या दोन्हींपैकी कुठेतरी बसतात, थोडे अपवाद सोडून, त्यांच्याकडे नंतर येतो.

आधी राहून गेलेल्यांचं बघू. एक्सरेमध्ये कॅनल म्हणजे एक सरळ पांढरी रेघ दिसते म्हणून लोकांना वाटतं आत एक पाईप असेल, तो साफ केला की झालं. तसं नसतं. दाताच्या मुळाच्या आतली रचना ही जुन्या पेठेतल्या गल्ल्यांसारखी असते, एक मुख्य रस्ता आणि त्याला फुटलेले बोळ, दोन रस्त्यांना जोडणाऱ्या अरुंद फटी आणि टोकाला तर रस्ता तीन चार वाटांनी फुटतो. आमची फाईल, म्हणजे कॅनल घासायची बारीक सुई, मुख्य रस्त्याने जाते. २००१ साली पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायक्रो सीटी, म्हणजे अगदी बारकावे दाखवणारा लॅबमधला स्कॅन, वापरून मोजलं तर वेगवेगळ्या पद्धतीच्या फाईल वापरूनसुद्धा कॅनलच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग फाईलने शिवलेलाच नव्हता. आणि हे नीट केलेल्या कामाबद्दल बोलतोय, घाईघाईच्या नाही. याच्या पलीकडे दाताच्या भिंतीत लाखो सूक्ष्म नळ्या असतात त्यात बॅक्टेरिया शिरून बसतात ते वेगळंच.

म्हणून खरी सफाई फाईल करत नाही, पाणी करतं. पाणी म्हणजे सोडियम हायपोक्लोराईट, जे मेलेलं मांस विरघळवतं आणि बॅक्टेरियाही मारतं, आणि शेवटी ईडीटीए, जे घासताना भिंतीवर बसलेला चिकट थर काढतं. फाईल फक्त त्या पाण्याला आत जायला जागा करून देते. पण या पाण्याला वेळ लागतो, ते परत परत ताजं टाकावं लागतं, अल्ट्रासॉनिकने हलवावं लागतं. आता मशीनने फिरणाऱ्या रोटरी फाईल आल्यामुळे कॅनलचा आकार दहा पंधरा मिनिटांत होतो, ही फार चांगली गोष्ट आहे, पण वाचलेला वेळ धुण्यात घातला तरच. आकार झाला म्हणजे साफ झालं असं नाही. एका बसणीत केलं की तीन बसणीत याने मात्र दाढ बरी होण्यात फारसा फरक पडत नाही असंच अभ्यासांमधून दिसलंय, त्यामुळे तुमचं एकाच दिवसात उरकलं असेल तर म्हणून बिघडलं असं समजू नका.

आणि तुमची दाढ वरची पहिली मोठी दाढ आहे, म्हणून एक गोष्ट खास सांगायला हवी. या दाढेला तीन मुळं असतात आणि बऱ्याच लोकांना वाटतं म्हणजे तीन कॅनल. पण गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेक वेळा दोन कॅनल असतात, त्या दुसऱ्याला आम्ही एमबी टू म्हणतो. हा इतका बारीक असतो आणि त्याच्या तोंडावर दाताचा एक कंगोरा असा वाढलेला असतो की नुसत्या डोळ्यांनी कितीतरी वेळा दिसत नाही, मायक्रोस्कोपखाली तो कंगोरा अल्ट्रासॉनिक टिपने हळूहळू खरवडला की मग सापडतो. साध्या एक्सरेत तर तो पहिल्या कॅनलच्या मागे लपतो. हा राहिला म्हणजे नस, बॅक्टेरिया, सगळं आत तसंच आणि वर छान कॅप. २०१६ साली अमेरिकेत सीबीसीटी, म्हणजे दातांच्या त्रिमितीय स्कॅनवर केलेल्या एका अभ्यासात राहून गेलेल्या कॅनलचं प्रमाण वरच्या मोठ्या दाढांमध्येच सगळ्यात जास्त निघालं, आणि ज्या दातात कॅनल राहिलाय त्याच्या मुळाशी डाग असण्याची शक्यता चार पटींहून जास्त निघाली. वरची पहिली दाढ फेल होऊन माझ्याकडे आली की मी पहिल्यांदा एमबी टूच शोधतो. खालच्या दुसऱ्या दाढेत वेगळीच गंमत, तिथे कधी कधी इंग्रजी सी अक्षरासारखा एकच चपटा कॅनल असतो आणि तो गोल फाईलने पूर्ण साफ होणं जवळपास अशक्य.

मग लांबी. फिलिंग मुळाच्या टोकापासून साधारण दोन मिलिमीटरच्या आत थांबायला हवं. स्वीडनमधल्या उमिओच्या दंत महाविद्यालयात श्योग्रेन आणि सहकाऱ्यांनी ८ ते १० वर्षं पेशंट फॉलो करून १९९० मध्ये निकाल छापले. मुळाशी डाग असलेल्या दातांमध्ये फिलिंग टोकापासून २ मिलिमीटरच्या आत होतं तिथे ९४ टक्के बरे झाले, खूप आखूड राहिलं तिथे ६८ टक्के आणि टोकाबाहेर गेलं तिथे ७६ टक्के. आखूड राहण्याचं कारण बहुतेक वेळा वाकडं मूळ, किंवा वयाने बुजलेला कॅनल, किंवा घासताना आपणच बनवलेली पायरी जिच्यावर फाईल अडकते. फाईल आत तुटली हेही लोक फार मनाला लावून घेतात, पण तुटलेला तुकडा स्टेरलाईज्ड स्टीलचा किंवा निकेल टायटॅनियमचा असतो, तो स्वतः इन्फेक्शन करत नाही, तो तुटायच्या आधी खालचा भाग किती साफ झाला होता यावर सगळं अवलंबून असतं.

रबर डॅमबद्दल मी जरा तावातावानेच लिहिणार आहे. दाताभोवती रबराचा पडदा लावायचा, म्हणजे थुंकी आत जात नाही आणि हायपोक्लोराईट घशात जात नाही. बार्नम नावाच्या न्यूयॉर्कच्या डेंटिस्टने १८६४ मध्ये ही युक्ती काढली. दीडशेहून जास्त वर्षं झाली, स्वस्त आहे, दोन मिनिटांत लागतो, आणि तरी आपल्याकडे सगळ्या क्लिनिकमध्ये लावला जात नाही. ज्या थुंकीत कोट्यवधी बॅक्टेरिया आहेत ती उघड्या कॅनलमध्ये जाऊ द्यायची आणि मग इन्फेक्शन का झालं म्हणून विचारायचं हे मला पटतच नाही. पेशंटने रबर डॅम लावता का हे विचारायला अजिबात लाजू नये, तोंडावर पडदा नको वाटतो म्हणून नाही म्हणणारे पेशंट असतात त्यांनाही हेच सांगतो.

इतकं करूनही जे बॅक्टेरिया उरतात ते चिवट असतात. फेल गेलेल्या दातांमध्ये एन्टेरोकॉकस फिकॅलिस हा जंतू फार वेळा सापडतो. आम्ही दोन बसणींच्या मध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साईड भरून ठेवतो, ते इतकं अल्कलाईन असतं, पीएच साधारण १२.५, की बाकीचे बरेचसे मरतात, पण दाताच्या नळ्यांमध्ये आतवर तो पीएच तेवढा चढत नाही आणि हा गडी आपल्या पेशीत आम्ल खेचून घेऊन तग धरतो, महिनोन्‌महिने जवळपास उपाशी राहू शकतो. मात्र तो एकटाच गुन्हेगार असं आता कोणी मानत नाही, बहुतेक वेळा आत अनेक जातींची मिळून चिकट थर बनवलेली वस्ती असते. आणि उरलेल्या प्रत्येक जंतूमुळे दाढ बिघडतेच असंही नाही. थोडे उरले, गटापर्चा आणि सीलरमध्ये गाडले गेले, खायला मिळालं नाही, तर काही करत नाहीत.

खायला मिळालं नाही तर. आता मी ज्या मुद्द्यासाठी एवढं लिहायला बसलो तो येतो, तुमचे ते चार महिने.

रूट कॅनल संपल्यावर दाढेत जे पांढरं मऊसर टेम्पररी भरतात ते काही आठवड्यांच्या कामाचं असतं. ते झिजतं, कडेने फट पडते, एखादा कोपरा उडतो आणि तुम्हाला कळतही नाही कारण दाढ दुखतच नाही. त्या फटीतून थुंकी आत जाते. गटापर्चा भरलंय ना मग काय होतं, असं वाटेल, पण गटापर्चा आणि सीलर हे वरून येणाऱ्या थुंकीसमोर फार काळ टिकत नाहीत. १९९० मध्ये टोराबिनेजाद आणि सहकाऱ्यांनी काढलेले दात लॅबमध्ये नीट भरून वरची बाजू उघडी ठेवली आणि बॅक्टेरिया सोडले, तर एका जातीच्या बॅक्टेरियांनी १९ दिवसांत निम्म्याहून जास्त कॅनल खालपर्यंत पार केले, दुसऱ्या जातीला ४२ दिवस लागले. तोंडात अगदी याच वेगाने होतं असं नाही, लॅब वेगळी आणि माणूस वेगळा, पण दिशा कळते. मग १९९५ मध्ये रे आणि ट्रोप यांनी रूट कॅनल झालेल्या १०१० दातांचे एक्सरे तपासले. आतलं रूट कॅनल आणि वरचं फिलिंग किंवा कॅप दोन्ही चांगलं होतं तिथे ९१ टक्के दातांच्या मुळाशी काही नव्हतं, दोन्ही खराब तिथे फक्त १८ टक्के. आणि आम्हा लोकांना विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे रूट कॅनल चांगलं पण वरचं काम खराब, असे ४४ टक्केच दात निरोगी निघाले. नंतरच्या अभ्यासांनी हे आकडे थोडे सौम्य केले आणि आजचं मत असं की आतलं आणि वरचं दोन्ही सारखंच महत्त्वाचं, एक चांगलं केलं म्हणून दुसऱ्याला सूट मिळत नाही.

पण आपल्याकडे प्रत्यक्षात काय होतं? दुखायचं थांबलं की दाढ बरी झाली असं माणूस धरून चालतो. मग घरात लग्न निघतं, मुलांच्या शाळेची फी येते, बदली होते, कॅप पुढच्या महिन्यात बसवू. कॅपचे पैसे वेगळे आहेत हे बऱ्याच जणांना रूट कॅनल संपल्यावर कळतं, आणि यात दोष आम्हा डॉक्टरांचा आहे असं मी स्पष्ट म्हणतो, रूट कॅनल, कोअर (कॅपखालचं पक्कं फिलिंग) आणि कॅप हा एकच उपचार आहे आणि त्याचा खर्च पहिल्याच दिवशी एकत्र सांगायला हवा. अगदीच पैशांची अडचण असेल तर कॅप थोडी लांबवता येते पण मग टेम्पररी काढून त्याच आठवड्यात आत पक्कं कोअर फिलिंग करून घ्यायचं, कंपोझिटचं नाहीतर निदान ग्लास आयोनोमरचं. आणि टेम्पररीवर तीन चार महिने गेलेच असतील तर नुसती वर कॅप चिकटवायची नाही, आधी आतलं परत करावं लागतंय का ते बघायचं. तुमच्या बाबतीत ते चार महिने टेम्पररीवर गेले की आत पक्कं कोअर होतं हे तुमच्या डॉक्टरांना नक्की विचारा, उत्तराचा अर्धा भाग तिथेच असू शकतो.

कॅप बसल्यानंतरही वाट बंद होत नाही. कॅपच्या कडेखाली कीड लागू शकते, शेजारच्या दाढेशी कॅप नीट टेकत नसेल तर तिथे रोज अन्न अडकतं, सिमेंट विरघळून कॅप सैल होते. नेहमीच्या दाताला कीड लागली की थंड लागतं, गोड झोंबतं. या दाताला तो इशाराच नाही. आतून कीड कोअर खात खात कॅनलच्या तोंडापर्यंत गेली तरी तुम्हाला काही जाणवत नाही, जाणवतं ते पू झाल्यावर. म्हणून रूट कॅनल केलेल्या दाढेला इतर दातांपेक्षा जास्त स्वच्छतेची गरज असते, कॅपच्या कडेने इंटरडेंटल ब्रश रोज फिरवायचा आणि वर्षातून एकदा साधा एक्सरे.

तडा हे कारण वेगळं काढतो कारण तिथे परत रूट कॅनल करणं म्हणजे पैसे पाण्यात. मोठी कीड, त्यात रूट कॅनलसाठी पाडलेलं भोक, यामुळे दाढेच्या भिंती पातळ झालेल्या असतात आणि चावताना त्या उघडतात. कॅप न घातलेल्या दाढा कॅप घातलेल्यांच्या तुलनेत सहा पट वेगाने गमावल्या जातात असं २००२ च्या एका अभ्यासात निघालं होतं. आपल्याकडे अडकित्त्याने सुपारी फोडून दिवसभर चघळणारे, चिकनचं हाड फोडून खाणारे, झोपेत दात खाणारे, या लोकांच्या दाढेला उभा तडा जातो आणि तो मुळापर्यंत उतरतो. अशा तड्यातून बॅक्टेरिया वरपासून खालपर्यंत राजरोस जातात. ओळखायची खूण अशी की हिरडी आणि दातामध्ये प्रोब, म्हणजे खोली मोजायची बारीक काडी, घालून फिरवला तर सगळीकडे दोन तीन मिलिमीटर जातो आणि एकाच ठिकाणी अचानक अरुंद फटीत खोल उतरतो. वरच्या दाढेत कधी तडा गेलेलं एकच मूळ काढून बाकी दाढ वाचवता येते, नाहीतर दाढ काढणं हाच प्रामाणिक सल्ला.

अपवाद म्हणालो होतो ते असे. कधी कधी इन्फेक्शन मुळाच्या बाहेर हाडातच ठाण मांडतं, ऍक्टिनोमायसिस नावाचे बॅक्टेरिया तसं करतात, किंवा मुळाच्या टोकाशी गाठ तयार होते जिचा कॅनलशी संबंधच उरत नाही, मग आतून कितीही साफ करा ती राहते. हे कमी वेळा होतं. डायबिटीस कंट्रोलमध्ये नसेल तर हाड भरायला वेळ लागतो, म्हणून परत काम करायच्या आधी मी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर, बघतो. विड्या सिगरेटीनेही भरून यायला त्रास होतो.

आता तुमची पुटकुळी. ती दुखत नाही कारण पूला बाहेर यायला वाट मिळालीये, आत दाब साठत नाही. वाट बंद पडली, म्हणजे पुटकुळीचं तोंड मिटलं, की एका रात्रीत गाल सुजू शकतो. तेव्हा न दुखणं हे इथे चांगलं लक्षण नाही. ती पिन टोचून फोडू नका, हळद किंवा लवंगेचं तेल लावून आतलं काही जाणार नाही. डॉक्टरांनी करायच्या गोष्टी अशा की पुटकुळीच्या भोकातून एक बारीक गटापर्चाची काडी आत सरकवायची आणि एक्सरे काढायचा, ती काडी ज्या मुळाकडे बोट दाखवते ते दोषी. कधी कधी ती शेजारच्याच दाढेकडे जाते आणि सगळ्यांचा अंदाज चुकतो. मग प्रोबने चहूबाजूंनी मापायचं तडा बघायला, आणि मग त्या भागापुरता छोटा सीबीसीटी स्कॅन, ज्यात राहिलेला कॅनल, डागाचा आकार आणि वरच्या सायनसशी, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीशी, त्याचा संबंध दिसतो. सायनसचं मुद्दाम सांगतोय कारण वरच्या दाढांची मुळं सायनसच्या तळाला लागून असतात आणि एकाच बाजूचं नाक वाहणं, घाण वास येणं, गालात जडपणा असं काही तुम्हाला असेल तर ते या दाढेमुळेही असू शकतं. नाकाच्या डॉक्टरांकडे महिनोन्‌महिने औषधं घेऊन शेवटी दाढेचं निघालेले पेशंट येत असतात.

पहिल्या डॉक्टरांनी वाईट काम केलं का, याचं उत्तर एक्सरे न बघता देणं बरोबर नाही आणि खरं सांगायचं तर एक्सरे बघूनही नेहमी देता येत नाही. उमिओच्याच त्या अभ्यासात ज्या दातांच्या मुळाशी आधीपासून डाग नव्हता ते ९६ टक्के यशस्वी झाले, ज्यांच्याशी डाग होता ते ८६ टक्के. म्हणजे काळजीपूर्वक केलेल्या कामातही काही दात फेल जातात. तीन वर्षांपूर्वी तुमच्या दाढेला डाग होता का हा त्यामुळे महत्त्वाचा प्रश्न. डाग भरायलाही वेळ लागतो, वर्षभरात बहुतेक कमी होऊ लागतात पण पूर्ण जायला कधी कधी चार वर्षंसुद्धा लागतात, त्यामुळे सहा महिन्यांत डाग गेला नाही म्हणून फेल म्हणायची घाई करू नये. पण तुमच्याकडे तीन वर्षांनी पू वाहतोय, तिथे वाट बघण्यात अर्थ नाही.

काढून टाकावी का? तडा नसेल, हिरडीचा आधार चांगला असेल आणि वर कॅप धरण्याइतका दात उरला असेल तर माझं मत स्पष्ट आहे, काढू नका. लंडनमध्ये एन्ग, मॅन आणि गुलाबिवाला यांनी २०११ मध्ये छापलेल्या मोठ्या अभ्यासात पहिल्या रूट कॅनलला ८३ टक्के आणि दुसऱ्यांदा केलेल्याला ८० टक्के मुळं बरी झाली, म्हणजे नीट केलं तर दुसऱ्यांदाचं काम फारसं मागे नाही. उमिओच्या जुन्या आकड्यांत डाग असलेल्या दातांचं दुसऱ्यांदा केलेलं काम ६२ टक्क्यांवरच होतं, त्या काळी मायक्रोस्कोप नव्हता की सीबीसीटी नव्हता हेही लक्षात घ्या. कॅनलमध्ये पोस्ट, म्हणजे कोअरला आधार द्यायला बसवलेली काडी, घट्ट बसलेली असेल किंवा अडथळा पारच होत नसेल तर हिरडीकडून छोटी सर्जरी करून मुळाचं टोक तीनेक मिलिमीटर कापून मागून एमटीए सिमेंटने बंद करता येतं, मायक्रोस्कोपखाली याचे निकाल खूप चांगले आहेत. इम्प्लांट हा चांगला उपाय आहे पण तो दाढ वाचत नसेल तेव्हाचा, आणि इम्प्लांटच्या भोवतीही इन्फेक्शन होतं हे जाहिरातीत सांगत नाहीत.

एकच अट घालीन. का फेल गेलं याचा काहीतरी अंदाज हातात आल्याशिवाय परत काम सुरू करू देऊ नका. कॅनल राहिलाय, आखूड भरलंय, कॅपखाली कीड आहे, यातलं काहीतरी दिसलं पाहिजे, कारण कारण न शोधता तेच गटापर्चा काढून तसंच परत भरलं तर निकालही तोच येईल. दाढ फार वाकड्या मुळाची असेल किंवा एमबी टू शोधायचा असेल तर मायक्रोस्कोप असलेल्या एन्डोडॉन्टिस्टकडे जा, आणि खर्च जमत नसेल तर मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय, नायरचं डेंटल कॉलेज, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं इथे या विषयाचे विभाग आहेत, फेऱ्या जास्त माराव्या लागतील पण फी खूप कमी.

काम साधारण असं चालेल. शक्यतो कॅप काढून, कारण तिच्याखाली कीड किंवा तडा आहे का ते बघायचं असतं, जुनं गटापर्चा फाईलने आणि लागलं तर थोड्या सॉल्व्हंटने मऊ करून काढायचं, राहिलेला कॅनल शोधायचा, भरपूर धुवायचं, एक दोन आठवडे कॅल्शियम हायड्रॉक्साईड. तेवढ्यात पुटकुळी आपोआप सुकायला हवी, तिला वेगळं औषध लागत नाही. सुकली की भरायचं, त्याच दिवशी वर पक्कं कोअर आणि मग दोन तीन आठवड्यांत नवी कॅप. सुकलीच नाही तर भरायची घाई नको, तडा किंवा मुळाबाहेरचं कारण परत तपासायचं. नंतर सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दर वर्षी एक्सरे, डाग कमी होतोय का बघायला.

जाताना तीन वर्षांपूर्वीचे, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीचा आणि भरल्यानंतरचा असे दोन्ही एक्सरे जुन्या डॉक्टरांकडून मागून घेऊन जा, मोबाईलवर असले तरी चालतील. मोबाईलवर स्क्रीनचा फोटो न घेता मूळ इमेज फाईल मागा, तिच्यात बारीक रेषा दिसतात.